पणजीची रंगीत घरे आणि आमची ओसरी

धानाचे चुरणे आटोपले की आमच्याकडे बाईमाणसाला चार दिवस उसंत मिळते. २०२० च्या फेब्रुवारीत तशी ती मिळाली आणि नेमका लेकीचा फोन आला, "आई, यंदा तरी ये. बाबांनाही घेऊन ये. समुद्र पाहून जा." आमचा जावई सावंतवाडीजवळच्या एका शाळेत मास्तर. नोकरीपायी विदर्भातली किती तरी पोरे कोकणात गुरुजी झाली आहेत, त्यातलाच तो एक. लग्नाला चार वर्षे झाली, पण लेकीचे बिऱ्हाड मी पाहिले नव्हते.

जाण्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

आमचे गाव लाखांदूर तालुक्यात, वैनगंगेपासून हाकेच्या अंतरावर. घर आजेसासऱ्यांनी बांधलेले. पुरुषभर नाही, पण कमरेइतके दगडी जोते, त्यावर हातभर दगडच, वर मातीच्या जाड भिंती, कवेलूचे छप्पर आणि पुढे ऐसपैस ओसरी. सासूबाई होत्या तोवर पावसाळ्याआधी घर शाकारणे आणि दिवाळीआधी भिंती पोतणे कधी चुकले नाही. चुन्यात थोडी नीळ घालून त्या ओसरीला आकाशासारखा रंग द्यायच्या. खाली गेरूचा पट्टा. त्या गेल्या आणि तीन वर्षे भिंतीला कोणाचा हात लागला नाही. माझे गुडघे दुखतात हे खरे. पण त्याहून खरे हे, की मुलगा नागपूरला कारखान्यात लागला, लेक सासरी गेली, आता रंग द्यायचा तो कोणासाठी, असे मला वाटू लागले होते. जोत्याला उंदरांनी बिळे पाडली, मागच्या भिंतीचे पोपडे पडले. मुलगा म्हणायचा, "बाबा, घर इकून टाका अन् नागपूरला चला. शेती ठोक्यानं देऊ." गावातल्याच एकाला दुकानासाठी जागा हवी होती. घर पाडून तो गाळे काढणार होता. परत आल्यावर त्याच्याकडून बयाणा घ्यायचा, असे ह्यांनी ठरवूनही टाकले होते. मला कोणी विचारले नाही. मीही काही बोलले नाही.

अशा मनाने आम्ही निघालो. लाखांदूरहून एस.टी.ने नागपूर, तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर. ही गाडी गोंदियाहून निघते आणि महाराष्ट्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. एक दिवस आणि एक रात्र गाडीत काढली. कापसाची शेते गेली, उसाची आली. कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन घेतले आणि आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीला उतरलो. पिशवीत घरची लाखोळीची डाळ आणि पायलीभर तांदूळ होते. लेकीने तांदूळ हुंगला आणि तिचे डोळे भरून आले.

दोन दिवस विसावा घेतल्यावर जावयांनी रविवारी पणजीला न्यायचे ठरवले. पहाटे सहाची एस.टी. धरली. बांदा सोडल्यावर पत्रादेवी लागते. इथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. त्यांचे स्मारक तिथे आहे. जावयांनी खिडकीतून हात जोडले, मग आम्हीही जोडले. आपला देश १९४७ साली मोकळा झाला, पण गोव्याला १९ डिसेंबर १९६१ ची वाट पाहावी लागली, हे मला त्या दिवशी नीट कळले.

म्हापसा गेले, पर्वरीचे पठार उतरले आणि एकदम समोर मांडवी नदी. पात्र केवढे! आमची वैनगंगा पावसाळ्यात भरते, पण ही फेब्रुवारीत काठोकाठ. जावई म्हणाले, "हे समुद्राचं पाणी आत येतं, आई. भरतीला चढतं, ओहोटीला उतरतं." नदीवर एकाला एक लागून तीन पूल. १९७० साली झालेला पहिला पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला होता. नंतर नवे बांधले. सगळ्यांत उंच आहे तो २०१९ साली सुरू झाला. पलीकडे टेकडी, टेकडीच्या उतारावर झाडी, झाडीतून डोकावणारी लाल कौले आणि मध्ये पांढरेशुभ्र देऊळ दिसावे तसे एक चर्च. हे म्हणाले, "गाव डोंगराले टेकून बसलं आहे." खरेच, म्हातारा माणूस भिंतीला पाठ टेकून पाय पाण्याकडे सोडून बसतो ना, अगदी तसे.

बसस्थानकाजवळ एक लहानशी खाडी आहे. तिच्यावरच्या पायपुलावरून पलीकडे गेलो की जुनी वस्ती, फोंतेन्हास. टेकडीच्या पायथ्याशी पाण्याचा झरा आहे, त्यावरून हे नाव पडले म्हणतात. इथे पूर्वी नारळीची बाग होती. जुने गोवे शहर रोगराईने ओस पडत गेले तशी माणसे इकडे सरकली आणि १८४३ साली पणजी ही राजधानी झाली. गल्ल्या इतक्या अरुंद की आमची बैलगाडी वळायची नाही. आणि दोन्ही बाजूंना घरे! एक पिवळे, एक निळे, एक तांबडे, एक हिरवे. खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या. काही जुन्या खिडक्यांना काच नाही, शिंपल्यांचे पातळ पापुद्रे लाकडात बसवलेले. उजेड आत येतो, पण ऊन येत नाही. वर लाल कौले आणि कठड्याला फुलांच्या कुंड्या.

मी मात्र भिंतींकडे पाहत होते. आधी वाटले, श्रीमंतांचा शौक असेल. मग एका भिंतीजवळ गेले आणि बोटाने चाचपले. निळा म्हणजे चुन्यातल्या निळीसारखा निळा. तांबडा तो गेरूसारखा. पिवळा तर रामरजेसारखा. आता बाजारातले तयार रंग लावत असतील, पण मूळ रंग सगळे माती-चुन्याचेच. सासूबाईंच्या मडक्यात हे तिन्ही रंग होते. हे मागून म्हणाले, "काय पाहून राहिली?" मी म्हटले, "आपली ओसरी."

एका निळ्या घराच्या पायरीवर एक म्हातारी बाई बसली होती. झगा घातलेला, गळ्यात क्रूस, मांडीवर सुपात चवळीच्या शेंगा. समोर शहरातली पाच-सहा पोरे तिच्या भिंतीला टेकून एकमेकांचे फोटो काढत होती. ती गेली तेव्हा म्हातारीने आमच्याकडे पाहून विचारले, "फोटो?" मी मान हलवली आणि भिंतीला हात लावून विचारले, "बाई, हा रंग दरसाल देता का?"

तिला मराठी कळत होती. बोलायची कोंकणी, त्यातले निम्मे मला कळले आणि निम्मे लेकीने सांगितले. पोर्तुगीजांच्या वेळी नियम होता, की पाऊस संपला की प्रत्येकाने घराला रंग दिलाच पाहिजे, आणि पांढरा रंग मात्र चर्चचा, घराला पांढरा द्यायचा नाही. ती म्हणाली, "आता नियम कोणाला? पण पावसाला ठाऊक नाही राज्य बदललं ते." मग तिने बोटाने भिंतीचा खालचा भाग दाखवला. तिथे रंग उडून चुना दिसत होता. "हा गेल्या पावसाचा. जून ते सप्टेंबर तो भिंत चाटतो. रंग दिला की रंग चाटतो. रंग नसला की भिंत चाटतो."

शेजारचे घर बंद होते. दाराला गंजलेले कुलूप, कौले खचलेली, भिंतीतून पिंपळ उगवून त्याची मुळे खिडकीपर्यंत आलेली. रंग कोणता होता तेही ओळखू येत नव्हते. मी विचारले, "हे पावसाने पडले?" म्हातारीने शेंग मोडता मोडता म्हटले, "पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडला. त्यांची माणसं परदेशात." एवढेच बोलून ती शेंगा सोलू लागली.

निघताना लेक म्हणाली, "देव बरें करूं." म्हातारीने हात वर केला. ह्यांनी मात्र त्या बंद घराच्या भिंतीवरचा पिंपळ पुन्हा एकदा वळून पाहिला.

तिथून चढण चढून आम्ही त्या पांढऱ्या चर्चसमोर आलो. पुढे नागमोडी पायऱ्यांची रांग. १५४१ साली इथे लहान प्रार्थनाघर होते, १६१९ साली मोठे बांधले. महिनोन्‌महिने समुद्रातून आलेले खलाशी जमीन दिसली की आधी इथे चढून येत आणि सुखरूप पोचल्याबद्दल देवाचे आभार मानत, मगच पुढे जुन्या गोव्याला जात. आपला शेतकरी देव पुजून मगच कामाला हात घाली, त्यातलाच हा प्रकार. पायऱ्यांवर बसून खाली पाहिले. बाजार, गाड्या, पलीकडे नदी, तिच्यावर जुगाराच्या मोठमोठ्या बोटी उभ्या. जावई सांगत होते, की पूर्वी लोखंडाच्या खनिजाने भरलेल्या होड्यांची रीघ इथून मुरगाव बंदराकडे जाई. २०१८ मध्ये कोर्टाच्या निकालाने खाणी थांबल्या तशी ती रीघ तुटली. तिथेही अनेक घरांची चूल खाणीवरच पेटत होती.

बाजारात ह्यांना शोधावे लागले नाही. तांदळाच्या ढिगाजवळ उभे होते, मूठभर दाणे तळहातावर घेऊन. गोव्यात उकडा तांदूळ खातात. आपल्या भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांतून निघणारा उसना, त्याचाच भाऊ. फक्त हा जाडा आणि तांबूस. विकणारी बाई म्हणाली, की हा खाजणातला आहे. खाजण म्हणजे काय, ते जावयांनी समजावले, आणि आम्ही दोघेही धानवाले असल्याने ते आम्हाला सगळ्यांत जास्त पटले.

नदीकाठची ही जमीन मुळात समुद्राच्या भरतीत बुडणारी. शेकडो वर्षांपूर्वी तिथल्या गावकऱ्यांनी चिखल-मातीचे आणि दगडाचे बांध घालून ती खाऱ्या पाण्यातून सोडवली. बांधात लाकडी दारे असतात, त्यांना मानस म्हणतात. भरतीच्या रेट्याने दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि आतले पावसाचे पाणी बाहेर जाते. पावसाने मीठ धुऊन निघाले की त्यात खारटपणा सोसणारा भात लावायचा. पण बांध दरसाल पाहावा लागतो. खेकड्याने एक भोक पाडले आणि ते वेळीच बुजवले नाही, तर भरती आत शिरते आणि शेत खारवते. मग दोन-तीन वर्षे पीक नाही. पूर्वी सारा गाव मिळून बांध राखी. आता शेती सोडून माणसे शहरात गेली, आणि कितीतरी खाजणे खाऱ्या पाण्याखाली गेली आहेत.

हे ऐकून ह्यांनी तळहातावरचे दाणे परत ढिगात टाकले. म्हणाले, "आपल्या तलावासारखंच झालं म्हणायचं."

वाचकांपैकी जे आमच्या भागातले असतील त्यांना हे सांगायला नको. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतार पाहून पाळी घातल्या, पाणी अडवले आणि त्यावर धान पिकवला. मालगुजार होते तोवर गाळ काढणे, पाळ बांधणे गावाच्या अंगवळणी होते. १९५१ साली मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले. पण त्याबरोबर 'हा आपला' ही भावनाही हळूहळू गेली. पाळीवर झुडपे वाढली, पोटात गाळ साचला. आमच्या गावच्या तलावाखाली पूर्वी जेवढ्या बांध्या भिजत, तेवढ्या आता भिजत नाहीत. पाऊस काही तेवढा कमी झालेला नाही.

दुपारी मिरामारला समुद्र पाहिला. मी पदर खोचून पाण्यात उभी राहिले. पायाखालची वाळू सरकली तशी घाबरून लेकीचा हात धरला. ह्यांनी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले आणि थुंकले. "एवढं पाणी, अन् एका परह्याच्या कामाचं नाही," असे म्हणाले. आम्ही सगळे खूप हसलो.

परतायच्या आधी फेरीबोटीने मांडवी ओलांडून बेतीला गेलो आणि त्याच बोटीने परत आलो. माणसाला तिकीट नाही. ऊन कलले होते. पाण्यातून पणजी पाहिली तेव्हा सगळी घरे एकदम दिसली, उतारावर एकाच्या डोक्यावर एक. पिवळ्यावर ऊन पडले की ते सोन्यासारखे होई. मधूनमधून काळपट डाग होते, ती बंद घरे. दुरूनसुद्धा ओळखू येत होती.

हे कठड्याला धरून उभे होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मायनं मरताना सांगतलं होतं, बिळं बुजवत जा म्हणून." मला आठवले. सासूबाईंनी शेवटच्या दिवसांत पैशाचे, दागिन्यांचे काही सांगितले नव्हते. जोत्याची बिळे तेवढी सांगितली होती.

मी म्हटले, "बयाण्याचं काय करता?"

"घेतला तर नाही अजून," ते म्हणाले.

गावी आल्यावर त्यांनी त्या माणसाला वर्षभर थांब म्हणून सांगितले. तो रुसला. मुलगाही फोनवर चिडला, "तुम्ही गोव्याले गेले का भजनाले गेले?" म्हणाला. त्याचे चुकत होते असेही मी म्हणणार नाही. मातीच्या घरात राबणे काय असते ते त्याने लहानपणापासून पाहिले आहे. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली. त्याचा कारखाना बंद पडला आणि तो बायको-मुलासह ज्या घरी आला, ते हेच घर. उन्हाळाभर बापलेकांनी हाताला काम म्हणून जोत्याची बिळे दगड-चुन्याने बुजवली, मागची नाली मोकळी केली, कवेलू बदलले. मी चुना भिजवला. सून नीळ कालवायला शिकली. पहिल्या घाणीत तिने इतकी ओतली की ओसरी शाईच्या दौतीसारखी दिसू लागली. आम्ही ती तशीच ठेवली.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, वरच्या धरणातून पाणी सुटले, गोसीखुर्दची तेहतीसच्या तेहतीस दारे उघडली आणि वैनगंगा गावात शिरली. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना मी काय सांगू? आम्ही जनावरे घेऊन शाळेत गेलो. रोवणे झालेल्या बांध्या दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशी पाणी उतरू लागले तेव्हा गावातली किती तरी घरे बसलेली होती. आमचा गोठा पडला. धान्याची एक कोठी भिजली. पण घर उभे होते. पाणी जोते चढून ओसरीत वीतभर आले आणि दगडापर्यंतच थांबले होते. मातीला ते पोचले नाही. हे खाली बसले आणि जोत्याच्या एकेका दगडावरून हात फिरवत राहिले. बिळे उघडी असती तर पाणी आतून माती पोखरून गेले असते, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

घर वाचले ते आजेसासऱ्यांच्या दगडामुळे, आमच्या रंगामुळे नव्हे, हे मी जाणते. शेजारच्यांनीही आपापली घरे राखली होती, तरी त्यांची पडली. त्यांची जोती ठेंगणी होती. नदीपुढे माणसाचे किती चालते? पण आपल्या हातातले तेवढे आपण केले होते, ही गोष्ट त्या चिखलात उभे राहताना फार आधाराची वाटली.

मुलगा पुढे नागपूरला परत गेला. ते घर कायमचे राखेल की नाही, सांगता येत नाही. दिवाळीला मात्र तो नातवाला घेऊन येतो आणि ओसरीची वरची भिंत त्याच्याकडे असते, कारण माझा हात आता तिथपर्यंत पुरत नाही.

पुरानंतरच्या दिवाळीत सगळी ओसरी पुन्हा निळी केली. दाराजवळच्या एका दगडावर पुराच्या गाळाची रेघ उमटली होती. मी कुंचला तिकडे नेला तर ह्यांनी हात धरला. म्हणाले, "ते राहू दे. नातवाले समजलं पाहिजे, पाणी कुठवर आलं होतं ते." ती रेघ अजून आहे. दरसाल तेवढी जागा सोडून आम्ही रंग देतो.